गुपित कोणापासून?

राज्य आणि गुपित यांचा संबंध फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे जे प्रकार वर्णिले आहेत, त्यांत छात्राच्या वेषातील कापटिक आहे, संन्यासमार्गातून परतलेला उदास्थित आहे, तसेच गृहस्थ, व्यापारी आणि तपस्वी यांची सोंगे घेणारेही आहेत. आपल्या इतिहासात बहिर्जी नाइकाचे नाव आदराने घेतले जाते. सुरतेच्या स्वारीपूर्वी त्याने त्या शहराची खडान्‌खडा माहिती काढून आणली, हे आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत, आणि त्याने वेष पालटून शत्रूची फसवणूक केली म्हणून त्याला कोणी दूषण दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा राज्याने काहीच लपवू नये, असे म्हणणे हा भाबडेपणा होईल.

परंतु विद्यार्थी मित्रहो, असे एखादे गुपित कालांतराने उघडकीस आले म्हणजे आपण एक प्रश्न अवश्य विचारला पाहिजे. ते गुपित कोणापासून राखले गेले होते? शत्रूपासून, की स्वतःच्याच प्रजेपासून? प्रश्न वरवर सोपा वाटतो. तो किती अवघड आहे हे ध्यानात यावे, म्हणून १९६० सालच्या मे महिन्यातील एक हकिकत येथे जरा विस्ताराने सांगतो.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि विजयी राष्ट्रांतच दोन तट पडले. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यातील या वैराला पुढे शीतयुद्ध असे नाव मिळाले. अमेरिकेत विमानतळांपासून कारखान्यांपर्यंत बहुतेक सारे वृत्तपत्रांतून कळत असे. उलट रशियाचा अफाट मुलूख परकीयांस जवळजवळ बंद होता. त्या मुलखात किती विमाने, किती अस्त्रे सज्ज आहेत हे अमेरिकेस कळेना, आणि न कळल्यामुळे भय वाढत गेले. जुलै १९५५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक सूचना मांडली : दोन्ही राष्ट्रांनी एकमेकांच्या आकाशातून मोकळेपणाने विमाने नेऊन छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहणार नाही. रशियाने ती फेटाळली. त्याच सुमारास लॉकहीड कंपनीने यू-२ नावाचे एक विलक्षण विमान तयार केले होते. पंख लांब, वजन हलके, आणि उंची सुमारे सत्तर हजार फूट, म्हणजे एव्हरेस्टच्या शिखराच्या दुपटीहूनही अधिक. इतक्या उंचीवर रशियाची लढाऊ विमाने पोहोचू शकत नव्हती. जे उघडपणे करू द्यावे म्हणून विनंती केली होती, तेच आता चोरून करावयाचे ठरले. हे काम मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेकडे, म्हणजे सी. आय. ए. या आद्याक्षरांनी जगास परिचित असलेल्या खात्याकडे सोपविण्यात आले. बाहेर मात्र असे जाहीर झाले की, हे विमान उंचावरील हवामानाच्या अभ्यासासाठी आहे.

रशियावरून पहिले उड्डाण ४ जुलै १९५६ रोजी झाले. यापुढील गोष्ट नीट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रशियाच्या रडार यंत्रांनी ते विमान पहिल्याच वेळी टिपले, आणि १० जुलै रोजी मॉस्कोने वॉशिंग्टनकडे निषेधाचा खलिताही धाडला. म्हणजे ज्याच्यापासून गुपित राखावयाचे, त्याला ते आठवडाभरातच कळले होते! पुढील चार वर्षांत अशी सुमारे चोवीस उड्डाणे झाली. या काळात ते गुपित कोणाला ठाऊक नव्हते? अमेरिकेतील शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला आणि बहुसंख्य लोकप्रतिनिधींना. रशियातील सामान्य माणसालाही ठाऊक नव्हते; कारण आपल्या डोक्यावरून परक्याचे विमान जाते आणि आपल्याला ते पाडता येत नाही, ही नामुष्की रशियाचे सरकार आपल्या प्रजेला कशी सांगणार? अशा रीतीने दोन हाडवैऱ्यांनी एकच गोष्ट, आपापल्या कारणासाठी, आपापल्या लोकांपासून दडवून ठेवली. शीतयुद्धातील इतर कोणत्याही घटनेपेक्षा मला हीच अधिक उद्बोधक वाटते.

१ मे १९६० रोजी फ्रान्सिस गॅरी पॉवर्स नावाचा वैमानिक पेशावरजवळच्या तळावरून निघाला. अटकेच्या स्वारीमुळे पेशावर हे नाव मराठी वाचकास परके नाही. तेथून रशियाचा सारा मुलूख ओलांडून नॉर्वेतील बोडो येथे उतरावयाचे होते. स्वेर्दलोव्हस्क शहराजवळ, ज्याला आज येकातेरिनबुर्ग म्हणतात, रशियाच्या क्षेपणास्त्राने विमान खाली आणले. पॉवर्स हवाई छत्रीच्या साहाय्याने जिवंत उतरला आणि पकडला गेला.

वॉशिंग्टनमध्ये सर्वांची समजूत अशी की, इतक्या उंचीवरून कोसळलेल्या विमानातील माणूस जिवंत राहणे शक्य नाही. ५ मे रोजी रशियाचे पंतप्रधान ख्रुश्चेव्ह यांनी विमान पाडल्याचे जाहीर केले. वैमानिकाविषयी मात्र मुद्दाम अवाक्षर काढले नाही. तत्काळ अमेरिकेच्या नासा या संस्थेने निवेदन दिले की, हवामान-संशोधनाचे एक विमान तुर्कस्तानातील व्हॅन सरोवराच्या परिसरातून बेपत्ता झाले असून, प्राणवायूचे यंत्र बिघडल्याची सूचना वैमानिकाने दिली होती. परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने तर, रशियाच्या हद्दीचा जाणूनबुजून भंग करण्याचा प्रयत्न कधीच झालेला नाही, असे ठासून सांगितले. एवढ्यावरही न थांबता, एका यू-२ विमानावर नासाचे चिन्ह आणि एक काल्पनिक क्रमांक रंगवून ते पत्रकारांना दाखविण्यात आले. रंग पुरता वाळला होता की नव्हता, देव जाणे!

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही. ७ मे रोजी ख्रुश्चेव्ह पुन्हा बोलावयास उभे राहिले. वैमानिक जिवंत आहे, शुद्धीवर आहे आणि त्याने सारे सांगितले आहे, हे त्यांनी मोठ्या चवीने जाहीर केले. विमानातील छायाचित्रे, आवाज न करणारे पिस्तूल, विष भरलेली टाचणी असा सारा ऐवज त्यांनी पुढे मांडला. त्यात सोन्याच्या अंगठ्या आणि घड्याळेही होती. हवामान पाहावयास निघालेल्या माणसाला घड्याळे कशाला हवीत, तो मंगळावरील स्त्रियांना भुलवावयास निघाला होता की काय, अशी थट्टाही त्यांनी केली. त्याच दिवशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने असे उड्डाण बहुधा झाले असावे अशी कबुली दिली; पण वॉशिंग्टनमधील कोणी त्यास परवानगी दिली नव्हती, अशी पुस्ती जोडली. हे तर पहिल्याहून वाईट झाले. कारण याचा अर्थ असा की, अणुयुद्ध पेटविण्यास पुरेशी ठरेल अशी आगळीक कोणी खालचा अधिकारी स्वतःच्या मर्जीने करू शकतो! अखेरीस ११ मे रोजी आयझेनहॉवर यांनी पत्रकारांपुढे सर्व जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. हेरगिरी अप्रिय आहे परंतु अपरिहार्य आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. १६ मे रोजी पॅरिस येथे चार राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरली आणि तेथेच मोडली. अणुचाचण्यांना आळा घालण्याविषयी तेथे काही निष्पन्न होईल, अशी पुष्कळांना आशा होती.

पॉवर्सला दहा वर्षांची शिक्षा झाली. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये बर्लिनजवळच्या ग्लिनिके पुलावर रुडॉल्फ आबेल या रशियन हेराच्या बदल्यात त्याची सुटका करण्यात आली. या प्रकरणी रशियाचा विजय झाला असे त्या वेळी जगास वाटले. परंतु त्या विजयातही एक गुपित होते. १ मे रोजी सोडलेल्या क्षेपणास्त्रांपैकी एकाने रशियाचेच एक मिग विमान पाडले आणि त्यातील सेर्गेई सफ्रोनोव हा तरुण वैमानिक मारला गेला. ही गोष्ट रशियन जनतेस कित्येक वर्षे सांगण्यात आली नाही. जो देश अमेरिकेच्या असत्याची जाहीर टर उडवीत होता, तोच आपल्या मृत वैमानिकाविषयी मूग गिळून बसला होता.

आयझेनहॉवर हे प्रामाणिकपणाविषयी प्रसिद्ध असलेले सेनानी. महाभारतात युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे आणि ‘नरो वा कुंजरो वा’ या अर्धसत्यानंतर तो खाली टेकला, असे सांगितले आहे. पुढे त्यांनी स्वतःच एका पत्रकाराजवळ, यू-२ विषयी सांगितलेले असत्य ही आपल्याला सर्वांत अधिक टोचणारी गोष्ट आहे आणि तिचे एवढे मोल द्यावे लागेल याची आपल्याला कल्पना नव्हती, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यांना उड्डाणांचा पश्चात्ताप नव्हता, असत्याचा होता. हा भेद फार महत्त्वाचा आहे.

आणि उड्डाणांचा पश्चात्ताप का नसावा, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर आपण एकाच बाजूचा न्याय केल्यासारखे होईल. रशियाकडे बॉम्बफेकी विमाने आणि क्षेपणास्त्रे यांचा प्रचंड साठा असून अमेरिका मागे पडली आहे, अशी ओरड त्या वेळी अमेरिकेत चालू होती. यू-२ ने आणलेल्या छायाचित्रांवरून ही भीती अवास्तव आहे असे आयझेनहॉवर यांना दिसू लागले होते, आणि शस्त्रांवर आणखी पैसा उधळण्यास त्यांनी जो विरोध केला त्याला हा एक आधार होता. म्हणजे या हेरगिरीने युद्धाची शक्यता काही अंशी कमीच केली असेल. परंतु ही गोष्ट ते आपल्या लोकांना सांगू शकत नव्हते! १९६० च्या निवडणुकीत क्षेपणास्त्रांच्या या काल्पनिक तुटीवर भाषणे झडली, आणि मतदारांनी अपुऱ्या माहितीवर आपले मत दिले.

हे असत्य आयत्या वेळी भांबावून सुचलेले नव्हते. ते आधीच लिहून ठेवलेले होते, आणि त्यामागे एक धोरण होते. जून १९४८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने गुप्त कारवायांविषयी जे निर्देश काढले, त्यांत एक अट अशी होती की, कारवाई उघडकीस आली तरी सरकारला तिचा संबंध विश्वसनीय रीतीने नाकारता यावा. नामानिराळे राहण्याची सोय म्हणतात ती हीच. असली सोय अमेरिकेने प्रथम शोधली असे मात्र नाही. तिचा एक दाखला आपल्या गोमंतकातच घडला आहे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ‘एरेनफेल्स’ आदी तीन जर्मन जहाजांनी आणि एका इटालियन जहाजाने मुरगाव बंदराचा आश्रय घेतला, कारण पोर्तुगाल तटस्थ होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री फीबी नावाच्या एका जुनाट बार्जमधून आलेल्या काही इंग्रजांनी एरेनफेल्सवर चाल केली, आणि त्या रात्री चारही जहाजे नष्ट झाली. चाल करणारे हे लोक खडे सैनिक नव्हते. कोलकात्याच्या पेढ्यांतून काम करणारे, ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पथकातील ते पोक्त गृहस्थ होते. नियमित सैनिक पाठविले असते तर तटस्थ राष्ट्राच्या हद्दीचा भंग केल्याचा दोष ब्रिटिश सरकारवर आला असता. मुरगावच्या धक्क्यावरून आगीचा उजेड दिसला; त्यामागचा हात जगाला कळला तो १९७८ मध्ये, जेम्स लीझर यांच्या पुस्तकामुळे. ते गुपित पोर्तुगालपासून होते, युद्धकाळातील होते आणि त्याने ब्रिटिश मतदारास फसवून कोणते मत घेतले नव्हते. त्यामुळे आज आपण ती हकिकत साहसकथेसारखी वाचतो. सर्वच गुपिते प्रजेच्या मनात विष कालवीत नाहीत, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. यू-२ च्या असत्यामुळे अमेरिकन जनतेचा सरकारवरील विश्वास एकदम ढासळला, असे काही पुस्तकांत सूचित केलेले आढळते. आकडे तसे सांगत नाहीत. मिशिगन विद्यापीठाच्या निवडणूक-अभ्यासात, वॉशिंग्टनचे सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील असे मानणाऱ्यांचे प्रमाण १९५८ मध्ये सुमारे ७३ टक्के होते, आणि १९६४ मध्ये ते ७७ पर्यंत चढले होते. १९७४ मध्ये मात्र ते ३६ वर आले. भिंतीला पहिला ओलावा लागतो तेव्हा काही दिसत नाही. पोपडे पुष्कळ पावसाळ्यांनंतर पडतात. मधल्या दहा वर्षांत जे घडले त्यातील काही भाग गुप्त कारवायांशी निगडित नाही, हेही खरे. अध्यक्ष निक्सन यांना १९७४ मध्ये पद सोडावे लागले ते प्रकरण मुख्यतः देशांतर्गत राजकारणाचे होते. परंतु व्हिएतनामचे युद्ध आणि त्याविषयीची निवेदने यांचा वाटा फार मोठा आहे.

क्यूबाविषयी थोडक्यात सांगतो. एप्रिल १९६१ मध्ये सी. आय. ए. ने शिकवून तयार केलेल्या क्यूबन निर्वासितांनी त्या बेटावर स्वारी केली. तत्पूर्वी क्यूबाच्या विमानतळांवर बॉम्ब टाकणारी विमाने क्यूबाच्याच बंडखोर वैमानिकांची आहेत, असे भासविण्यात आले, आणि संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन यांनी त्यांपैकी एका विमानाचे छायाचित्र मोठ्या विश्वासाने फडकविले. विमानाचे नाक धातूचे होते. क्यूबाच्या विमानांचे नाक पारदर्शक असे. एवढ्या एका नाकाने अमेरिकेचे नाक कापले! स्टीव्हन्सन यांना खुद्द त्यांच्याच सरकारने अंधारात ठेवले होते.

टोंकिनच्या आखातातील प्रकरण याहून गंभीर आहे. २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकन युद्धनौकेवर हल्ला केला, हे खरे होते. ४ ऑगस्टच्या रात्री दुसरा हल्ला झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि ७ ऑगस्ट रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्ष जॉन्सन यांना युद्धाचा जवळजवळ कोरा अधिकार दिला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य. सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २. परंतु पहिल्या हल्ल्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी, अमेरिकेने आखलेल्या गुप्त योजनेनुसार दक्षिण व्हिएतनामच्या नौकांनी उत्तरेच्या बेटांवर तोफा डागल्या होत्या. सेनेटरांनी विचारले तेव्हा, अमेरिकन नौदलास त्यांची माहितीच नव्हती, असे संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी सांगितले. आता तोच प्रश्न विचारून पाहू. गोळे कोठून आले हे ज्या बेटांवर ते पडले तेथील लोकांना पुरते ठाऊक होते. हनोईला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते ज्यांनी हात वर करून युद्धाला संमती दिली त्यांना.

हा ठराव सेनेटमध्ये पार पाडला तो फुलब्राइट यांनी. चार वर्षांपूर्वी यू-२ प्रकरणाची चौकशी ज्या समितीने केली तिचे अध्यक्षही हेच होते. इतका जाणता गृहस्थ दुसऱ्यांदा फसला, यावरून सामान्य नागरिकाने स्वतःस किती दोष द्यावा याचा अंदाज करता येईल. फुलब्राइट यांनी १९६६ मध्ये व्हिएतनामविषयी जाहीर सुनावण्या घेतल्या, त्या लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या. पुढे मार्च १९६९ ते मे १९७० या काळात कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बवर्षाव झाला, आणि त्यासाठी लष्कराच्या नोंदवह्यांत खोटी ठिकाणे लिहिण्यात आली. बॉम्ब पडत आहेत हे कंबोडियातील शेतकऱ्यापासून कोण लपविणार? १३ जून १९७१ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने व्हिएतनामविषयीचे सरकारचे गुप्त इतिवृत्त छापावयास प्रारंभ केला. सरकारने ते थांबविण्याचा यत्न केला, परंतु ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

सरकारी निवेदन आणि वस्तुस्थिती यांच्यातील अंतराला अमेरिकन वृत्तपत्रांनी १९६५ च्या सुमारास एक नाव दिले होते. मराठीत त्याला विश्वासातील फट असे म्हणता येईल. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांना हा शब्द ऐकून हसू येते, कारण आमच्या भाषेत ‘फट’ म्हणजे खोटे. मराठीतील फट आणि कोंकणीतील फट यांची व्युत्पत्ती एक आहे की नाही हे भाषापंडितांनी ठरवावे. व्यवहारात मात्र एकीतूनच दुसरी निर्माण होते.

येथे दुसऱ्या बाजूचा एक धोका सांगणे मला आवश्यक वाटते. सरकार एकदा खोटे बोलले म्हणून ते प्रत्येक वेळी खोटेच बोलते, असे मानणारा मनुष्य स्वतःला मोठा चिकित्सक समजतो. वस्तुतः त्याने विचार करण्याचे श्रमच सोडलेले असतात. टोंकिनचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, असे खुद्द अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील इतिहासकाराने सिद्ध केले, आणि तो अभ्यास २००५ मध्ये खुला झाला. त्यात अध्यक्षांनी रचलेले कारस्थान आढळले नाही. मधल्या फळीतील लोकांनी संदेशांचे अर्थ लावताना चुका केल्या आणि मग निष्कर्षाशी जुळतील तेवढेच संदेश पुढे धाडले, असे आढळले. ही हकिकत कारस्थानाच्या कथेपेक्षा कमी चित्तथरारक असेल. पण कागदपत्रांवर उभी असल्याने ती अधिक उपयोगी आहे.

हे सारे परक्यांचे झाले, असे कोणास वाटेल. तसे नाही. ज्या यू-२ विमानाने पेशावरहून उड्डाण केले, तेच विमान पुढे भारतातूनही उडाले. १९६२ मध्ये चीनने आपल्यावर आक्रमण केले, त्यानंतर पंडित नेहरूंनी सीमेवरील चिनी हालचालींची छायाचित्रे घेण्यास अमेरिकेला अनुमती दिली. ओरिसातील चारबातिया येथील विमानतळ त्यासाठी देण्याचे १९६३ मध्ये ठरले आणि मे १९६४ मध्ये तेथून एक उड्डाण झाले. थोड्याच दिवसांत, २७ मे रोजी, नेहरूंचे निधन झाले. आपल्याला हे अधिकृतपणे कळले २०१३ मध्ये, आणि तेही वॉशिंग्टनने आपले जुने दप्तर उघडल्यामुळे. त्या पराभवानंतर सीमेपलीकडे काय चालले आहे हे पाहण्याची इच्छा कोणाही पंतप्रधानास झाली असती. मी त्यांना दोष देणार नाही. परंतु अलिप्ततेचे धोरण शिरोधार्य मानणाऱ्या संसदेला पन्नास वर्षांनीही ते आपल्या सरकारकडून कळू नये, हे मात्र मनाला लागते.

नंदादेवीची गोष्ट अधिक खोल जाते. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने पहिली अणुचाचणी केली. त्या चाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी नंदादेवी शिखरावर एक यंत्र बसवावे, असे भारत आणि अमेरिका यांच्या गुप्तवार्ता खात्यांनी ठरविले. यंत्राला वीज पुरविण्यासाठी प्लुटोनियम हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरलेले होते. १९६५ च्या शरद ऋतूत गिर्यारोहक ते घेऊन चढले. हवामान बिघडल्याने त्यांना ते वाटेतच बांधून ठेवून परतावे लागले. पुढच्या वर्षी जाऊन पाहतात तो यंत्र नाहीसे झालेले! शोध झाले, ते सापडले नाही. येथपर्यंतचे गुपित चीनपासून होते, आणि ते योग्यही म्हणता येईल. परंतु यंत्र हरवल्या क्षणी त्या गुपिताचे स्वरूप पालटले. ज्या हिमातून ऋषिगंगा निघते, जिचे पाणी धौलीगंगेतून अलकनंदेला आणि अखेर गंगेला मिळते, त्या हिमात प्लुटोनियम कोठे तरी पडले आहे, ही गोष्ट आता खालच्या गावांपासून लपविली जात होती. एका अमेरिकन मासिकाने १९७८ मध्ये ती छापली, तेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी १७ एप्रिल रोजी संसदेत निवेदन केले, कारवाई झाल्याचे मान्य केले आणि शास्त्रज्ञांची एक समिती नेमली. पाण्याच्या तपासणीत किरणोत्सर्ग वाढल्याचे आढळले नाही. माझ्या मते त्या निवेदनाचे श्रेय मोरारजींना द्यावयास हवे. त्यांनी हवामानाचे विमान रंगविले नाही.

तथापि बारा वर्षांच्या मौनाचा परिणाम एका निवेदनाने पुसला गेला नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला अकस्मात महापूर आला आणि दोनशेच्या आसपास माणसे मृत झाली अथवा बेपत्ता झाली. रैणी गावातील काही लोकांना प्रथम संशय आला तो त्या हरवलेल्या यंत्राचा. त्याचाच स्फोट झाला असावा, अशी कुजबुज सुरू झाली. रोंटी शिखराचा खडक आणि हिम यांचा प्रचंड कडा तुटून कोसळल्याने पूर आला, असे शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवून दिले. शास्त्रज्ञांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु रैणीच्या ग्रामस्थांना कोणी अडाणी म्हणू नये. त्यांच्या डोंगरावर खरोखरच एक यंत्र हरवले होते आणि ते खरोखरच त्यांच्यापासून लपविण्यात आले होते. उरलेला भाग त्यांनी अनुमानाने भरून काढला, एवढेच.

माहिती मागण्याचा हक्क कायद्याने देणाऱ्या पहिल्या काही राज्यांत आपला गोवा आहे. येथील कायदा १९९७ चा. साऱ्या देशासाठी असा कायदा २००५ मध्ये झाला. त्याच्या चोविसाव्या कलमाने गुप्तवार्ता खाती या कायद्यातून वगळली आहेत. मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग यांविषयीच्या आरोपांशी संबंधित माहिती या सवलतीत येत नाही. नंदादेवीच्या यंत्राविषयी एखाद्या ग्रामस्थाने आज अर्ज केला, तर तो पहिल्या वाक्यात बसेल की दुसऱ्या, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी कलम मुळातून वाचून ठरवावे आणि कारणांसह आपल्या वहीत लिहून आणावे.